दोर धरणारा

लुइझा बोटीवर स्वयंपाकाला जायचंय तुला? मग बस. कोट ओला असला तरी टाक त्या खुर्चीवर. या हूना गावात कोरडी खुर्ची कोणाच्याच घरात नाही.

आधी तिथला स्टोव्ह समजून घे. डिझेलचा आहे. आग्नेयेचा वारा सुटला की धूर उलटा आत येतो, तेव्हा डावीकडची खिडकी चार बोटं उघडायची, जास्त नाही. भांड्यांच्या फळीला पुढून लाकडी पट्टी आहे, ती रोज निघण्याआधी लावायची. सूप मोठ्या पातेल्यात करायचं आणि पातेलं अर्धंच भरायचं. हे सगळं नवा मालक तुला सांगेलच. त्याला जे ठाऊक नाही तेवढं मी सांगते. ऐक आणि मग ठरव. मध्येच माझा आवाज चढला तर दचकू नकोस. हे सांगताना तो चढतोच.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. सीझनची शेवटची फेरी. जूनो शहरातून निघायचं, पाच दिवस बेटांमधून हिंडायचं, पाहुण्यांना अस्वलं आणि देवमासे दाखवायचे आणि परत. लुइझा पंचावन्न फुटांची, लाकडी, एका इंजिनाची. बोटीवर माणसं दोनच. चाकावर हार्लन प्रुइट, तिचा मालक, आणि बाकी सगळ्याला मी. स्वयंपाक माझा, बिछाने माझे, धक्क्याला लागताना दोर फेकायचा तोही मीच. त्या फेरीला पाहुणेही दोघंच होते. ओहायोकडची एक निवृत्त शिक्षिका, मिसेस ऑस्ट्रो, आणि तिचा नवरा. तो पहिल्याच दिवशी बोट लागून आडवा झाला तो शेवटपर्यंत उठला नाही. पाऊस होता. म्हणजे नेहमीचा.

हार्लनबद्दल तू चांगलंच ऐकलं असशील. मीही चौदा वर्षं चांगलंच बोलत होते.

माझा मोठा भाऊ एल्मर हार्लनच्याच बोटीवरून गेला. १९८३चा ऑक्टोबर. तेव्हा हार्लन मासळी गोळा करणारी एक बोट चालवायचा, आणि दादा त्याचा एकुलता एक खलाशी. दादा चोवीसचा, मी सतराची. हार्लनने वायरलेसवर कळवलं, चॅथमच्या सामुद्रधुनीत लाटेने एल्मरला डेकवरून नेलं. वादळ होतं, ते ओसरताच सगळं हूना बोटी घेऊन बाहेर पडलं. अकरा दिवस शोधलं आम्ही. आई होडीच्या पुढच्या टोकाला बसून त्याला हाका मारायची. परत यायची तेव्हा घसा पार बसलेला असायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. काही मिळालं नाही. बूटसुद्धा नाही. आमच्या लोकांत कुळांच्या दोन बाजू असतात, आणि माणूस गेला की त्याचं सगळं समोरच्या कुळातले, म्हणजे दुसऱ्या बाजूचे लोक करतात. त्याला धुतात, त्याच्यापाशी जागतात, त्याला वाटेला लावतात. त्यांच्या हातात द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. वर्षाने एक फोटो मांडला आणि त्याच्यासमोर गावाला जेवण घातलं.

हार्लन त्या जेवणाला आला होता. रडला होता. त्याने दारू सोडली, ती त्या ऑक्टोबरपासूनच. दर हिवाळ्यात आईच्या दाराशी हरणाचं मांस आणून ठेवायचा. आई प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायची, आम्हा पोरांच्या आधी. माझा नवरा गेला तेव्हा मला काम दिलं ते त्यानेच. चौदा उन्हाळे मी त्या माणसाला कॉफी दिली. दोन चमचे साखर घालून, ढवळून.

तर पहिल्या दिवशी दुपारी आम्ही ग्रेसी खाडीत शिरलो. तिथे एक तरंगता धक्का आहे, त्याच्यावरून काठावर जायला लाकडी पूल आहे, बाकी नुसतं रान. वस्ती नाही, रस्ता नाही. मी पुढे दोर घेऊन उभी. एरवी तिथे आपणच उडी मारायची आणि बांधायचं. पण त्या दिवशी धक्क्यावर माणूस होता. पिवळा रबरी कोट, टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्याने हात पुढे केला. मी दोर फेकला. त्याने तो हवेतच धरला, खुंट्याला तीन वेढे घातले आणि खुंट्यावर तळहाताने दोनदा थापटलं. थप, थप. मग वळला आणि पुलावरून वर, झाडीत गेला.

मी तशीच उभी राहिले. दादा अगदी असंच करायचा. दोर बांधून झाला की दोन थापा, कुत्र्याच्या पाठीवर माराव्यात तशा.

माझा स्वभाव असा की भीतीच्या आधी मला राग येतो. कोण हा मेला माझी थट्टा करतोय, असंच आलं मनात.

"कोण होता गं?" हार्लन चाकाच्या केबिनमधून डोकावला.

"तूच पाहिलंस की."

"काचेवर पाऊस होता."

तो खाली उतरला, खुंट्यापाशी गेला आणि त्या गाठीकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने ती सोडली आणि स्वतःच्या पद्धतीने पुन्हा बांधली. चौदा वर्षांत त्याने कधी दोराला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मर्सर बंदर. ग्रेसीपासून चाळीस मैल, मध्ये तीन बेटं. तिथलं शिकारी लोकांचं विश्रामगृह केव्हाच बंद पडलंय, धक्का तेवढा उरलाय. भर दुपार होती. धुकं पाण्याला टेकलेलं. धुक्यातून आधी धक्क्याचे खांब दिसले आणि मग पिवळा कोट दिसला.

या वेळी मी दोर मुद्दामच आखूड फेकला. पाण्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. त्या माणसाने वाकून, हात लांब करून धरला. ओल्या लोकरीचा आणि लाकडाच्या धुराचा वास आला मला. बोटीवर, वाऱ्याच्या उलट बाजूला, तरी आला. तीन वेढे. थप, थप.

"ए! थांब!" मी ओरडले आणि उडी मारली.

तो थांबला नाही. पळालाही नाही. आपल्या चालीने पूल चढून गेला. मी मागून धावले. छप्पन्न वर्षांची बाई मी, गुडघे कुरकुरत होते, पण रागाने धावले. पुलावरून वर पायवाट, पायवाटेने हेमलॉकची दाट झाडी, आणि वीस पावलांवर पायवाट दलदलीत संपलेली. पुढे कमरेएवढं काळं पाणी. त्याच्यावर पावसाचे थेंब पडत होते. मध्ये कुठे पाऊल पडल्याची साधी लहरसुद्धा नव्हती. पलीकडच्या काठाला एक फांदी मात्र हलत होती, कोणीतरी बाजूला करून नुकतीच सोडावी तशी.

मी परत आले तेव्हा मिसेस ऑस्ट्रो छत्री धरून डेकवर उभी होती.

"तुमच्या कंपनीचा माणूस किती तत्पर हो!" ती म्हणाली. "कालचाच ना हा? आपल्या आधी कसा काय पोचतो?"

हार्लन तिच्या मागे होता. त्याच्या ओठांना रंग नव्हता.

"दोर सोड, व्हर्ना. निघू या."

"जेवण स्टोव्हवर आहे."

"सोड म्हणतो ना!"

मी सोडला. इंजिन सुरू झालं, धक्का मागे गेला. मी वर जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याने चाक इतकं आवळून धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"एल्मरचा विचार करू नकोस, व्हर्ना," तो पुढे बघत म्हणाला. "तसं काही नसतं."

मी एल्मरचं नावच काढलं नव्हतं.

तिथेच त्याला विचारायला हवं होतं. पण मी खाली गेले आणि जेवण वाढलं. कसं वाढलं असेल, देव जाणे. त्याच्या ताटात बटाटे टाकले ते आपटूनच.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओने वादळ सांगितलं. आग्नेयेकडून, दुपारच्या आत. आम्ही होतो तिथून चार मैलांवर व्हिटलो खाडी. आत वळून गेलं की वाऱ्यापासून चांगला आडोसा. तिथे पूर्वी मासे डबाबंद करायचा कारखाना होता. तो पडला, जळला, त्याचा भलामोठा धक्काही गेला, आता पाण्यात नुसते खांब उभे आहेत. चौदा वर्षांत हार्लन त्या खाडीत एकदाही शिरला नव्हता. बेटाला पलीकडून वळसा घालायचा, तीन तास जास्त लागले तरी. आत खडक आहेत, नकाशात नाहीत, असं सांगायचा.

"व्हिटलोत घे," मी म्हटलं.

"बाहेरून जाऊ."

"बाहेरून? या वाऱ्यात? वेड लागलंय? खाली एक माणूस उलट्या करून अर्धमेला झालाय."

"खडक आहेत तिथे."

"बाबांनी तीस वर्षं त्या कारखान्यात मासळी उतरवली, हार्लन. कुठलाही खडक त्यांना लागला नाही."

त्याने चाक बाहेरच्या बाजूला फिरवलं. मी तिथेच उभी राहून त्याला शिव्या घातल्या, माझ्या आईच्या भाषेतल्या, ज्या त्याला कळत नाहीत.

अर्ध्या तासात समुद्र उभा राहिला. स्टोव्हचा धूर आत भरला. पट्टी लावलेली असूनही दोन ताटं फुटली. व्हिटलोच्या तोंडासमोर आम्ही पोचतोय न पोचतोय तोच इंजिनाची धोक्याची घंटा वाजायला लागली. समुद्रातल्या केल्पच्या जाड वेली इंजिनाला पाणी ओढणाऱ्या नळात अडकल्या होत्या. इंजिन तापलं. हार्लनला ते बंद करावंच लागलं. आणि मग वारा आणि भरती, दोघांनी मिळून लुइझाला उचललं आणि खाडीच्या तोंडातून आत ढकललं. त्याला जिथे जायचं नव्हतं नेमकं तिथेच.

नांगर टाकला. तळ लागला नाही, तिथे काठापर्यंत समुद्र खोल आहे. समोर कारखान्याचे खांब, काळे, वाकडे, दोन माणसं उंचीचे, आणि त्यांच्यामागे खडकांवर फुटणारं पांढरं पाणी. मी पुढे गेले. एखाद्या खांबाला दोर अडकला तर वाचलो, नाही तर पाच मिनिटांत त्या खडकांवर. पाऊस आडवा येत होता, डोळे उघडवत नव्हते. जवळचा खांब बघून मी सगळा जीव एकवटून दोर फेकला.

तो खांबावर पडला नाही. तो वर गेला. माझ्या हातात होती त्याहून कितीतरी जास्त ताकद लागली असती इतका वर, खांबांच्या डोक्यांच्याही वर, पूर्वी जिथे धक्क्याच्या फळ्या होत्या तिथे. आणि तिथे तो उभा होता. पिवळा कोट. पायांखाली काही नव्हतं, नुसता पाऊस खाली पडत होता. त्याने दोर धरला, वाकला, हवेत तीन वेढे घातले.

थप. थप.

लाकडावरच वाजलं ते. जिथे लाकूड नव्हतं तिथे.

दोर ताणला गेला, बोटीला हिसका बसला, तिचं तोंड वाऱ्याकडे वळलं आणि ती थांबली. खडक मागे वीस फुटांवर होते.

मग तो बोलला. वारा एवढा घोंगावत होता, पण तो आवाज जेवणाच्या टेबलापलीकडून यावा तसा आला. चोवीस वर्षांच्या पोराचा आवाज. तो आवाज कसा होता हेच मी विसरून गेले होते.

"हार्लन... दोर सोडू का?"

हार्लन केबिनच्या दारात उभा होता. तो गुडघ्यांवर बसला.

"मी सकाळी येणार होतो," तो ओरडला. "एल्मर, देवाची शपथ, मी सकाळी येणार होतो!"

मिसेस ऑस्ट्रो त्याच्यामागे दाराची चौकट धरून उभी होती. ती मला म्हणाली, "तो काहीतरी विचारतोय. कोणी उत्तर का देत नाही त्याला?"

मी मागे गेले. हार्लनची कॉलर धरली. "सकाळी येणार होतास म्हणजे? कुठे येणार होतास?"

तो सगळं बोलला. तू म्हणशील, इतक्या वर्षांनी इतक्या पटकन कसं बोलला. माणूस बोलतो गं, वरून कोणी बघत असलं की बोलतो. त्या ऑक्टोबरात ते दोघं या धक्क्याला लागले होते. कारखाना हिवाळ्यासाठी बंद झालेला, चिटपाखरू नाही. हार्लन प्यायलेला होता. दादाने त्याची बाटली घेतली आणि समुद्रात फेकली. भांडण झालं. मग निघायच्या वेळी दादा धक्क्यावर चढला आणि खुंट्यापाशी उभं राहून त्याने विचारलं, दोर सोडू का? हार्लन म्हणाला, सोड. दादाने सोडला. बोटीवर उडी मारायला वाकला, तेवढ्यात हार्लनने बोट मागे घेतली. एक रात्र राहू दे इथे, डोकं थंड होईल, म्हणून. हसत गेला. सकाळी वादळ लागलं ते सहा दिवस थांबलं नाही. चौथ्या दिवशी, तो आसऱ्याला थांबला होता त्या बंदरात कोणीतरी विचारलं, तुझा खलाशी कुठे? तेव्हा त्याने वायरलेसवरून कळवलं की एल्मर चॅथममध्ये बुडाला.

"चौथ्या दिवशी," मी म्हटलं. "तेव्हा तो जिवंत होता."

"मला माहीत नाही..."

"जिवंत होता तो! आणि तू आम्हाला चॅथममध्ये पाठवलंस!"

"सातव्या दिवशी मी एकटाच इथे आलो, व्हर्ना. कोणी नव्हतं. धक्क्यावर दोर गुंडाळून ठेवला होता. नीट. असा गोल..."

मी त्याला मारलं. थोबाडीत नाही, मुठीने. पुन्हा मारलं. मिसेस ऑस्ट्रोने मला अडवलं नाही, हे मी कधी विसरणार नाही. आई अकरा दिवस त्या रिकाम्या पाण्याला हाका मारत होती, आणि हा माणूस शेजारच्या होडीत बसून तिला थर्मासमधून चहा देत होता.

"हार्लन," वरून आवाज आला. "दोर सोडू का?"

"धरून ठेव, दादा!" मी ओरडले. आणि हार्लनला म्हटलं, "खाली जा. इंजिन साफ कर. वर बघितलंस तर तुला मीच पाण्यात टाकेन."

दोन तास लागले त्याला. ते दोन तास मी पुढच्या डेकवर पावसात बसले होते, दोराजवळ. दादाशी बोलत होते. आई गेली म्हणून सांगितलं. बाबा गेले. मला दोन मुली झाल्या, धाकटीचं नाक तुझ्यासारखं आहे. मी व्हर्ना आहे रे, म्हटलं. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तो केबिनच्या दाराकडे बघत होता. मला ओळखलंच नाही त्याने. त्याची बहीण सतरा वर्षांची होती, आणि इथे कोणी एक म्हातारी बसली होती. दर थोड्या वेळाने तो तेवढंच विचारायचा, त्याच शब्दांत, कामाला असलेल्या माणसाच्या शांतपणाने. त्या शांतपणाचाच मला संताप येत होता. ओरड की! शिव्या दे त्याला!

वारा उतरला. इंजिन सुरू झालं. हार्लन वर आला तो हातात सुरी घेऊन. डोळे खाली घालून तो सरळ दोराकडे गेला.

"काय करतोयस?"

"कापतो. निघू या, व्हर्ना. हे... हे इथेच राहू दे."

मी मासे कापायचा कोयता घेतला. "त्या दोराला पातं लावलंस, तर तुझा हात मनगटापासून उतरवेन. परत सोडून जातोस? परत?"

"मग काय करू?"

"बोलाव त्याला."

"कसं बोलावू..."

"तेव्हा बोलवायला हवं होतंस तसं!"

हार्लनने सुरी डेकवर ठेवली. त्याच्या टोपीवरून पाणी गळत होतं. मग त्याने तोंड वर केलं.

"एल्मर," तो म्हणाला. "दोर सोड... आणि बोटीवर ये."

दोर सैल झाला. सरसरत खाली आला आणि पाण्यात पडला. वर कोणी नव्हतं. आणि त्याच क्षणी लुइझा उजवीकडे झुकली, कोणी उंचावरून उडी मारून कठड्यावर पाय द्यावा तशी. झुकली आणि पुन्हा सरळ झालीच नाही.

हूनाला पोचायला चार तास लागले. त्या चार तासांत उजव्या बाजूच्या डेकवर कोणी गेलं नाही. मिसेस ऑस्ट्रोने तिथल्या बाकावर एक घोंगडी मात्र नेऊन ठेवली, दारातूनच हात लांब करून. "कोणाला थंडी वाजत असेल," एवढंच म्हणाली.

मी हार्लनला बाहीला धरून गावच्या सभागृहात नेलं. उजेड होता अजून, लोक जमले. तो उभा राहून सगळं बोलला. समोरच्या कुळातली आयडा म्हातारी, जी आईबरोबर त्या होडीत असायची, ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातचं खाल्लंस रे तू." आणि बाहेर गेली. पोलिसांनी लिहून घेतलं. सरकारी वकील म्हणाला, इतकी वर्षं झाली, प्रेत नाही, साक्षीदार नाही. मिसेस ऑस्ट्रोने साक्षीदार म्हणून सही केली होती. तिने काय पाहिलं ते वाचून वकिलाने कागद बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या कुळाचे लोक धक्क्यावर आले. दादाचं जे कधी झालं नव्हतं ते सगळं केलं. किनाऱ्यावर आग पेटवली, सुकवलेला सामन मासा, हेरिंगची अंडी, त्याला आवडायचं ते सगळं आगीला दिलं, आणि त्याला नावाने हाक मारली, उतर म्हणून. मीही मारली. बोट हलली नाही. उजवीकडे झुकलेलीच राहिली.

हार्लन हिवाळाभर तिच्यावरच राहिला. लोक म्हणायचे, लाजेने गावात येत नाही. बंदरातल्यांनी बोट उचलून तळ तपासला, टाक्या तपासल्या, आत पाणी नाही, भोक नाही. पाण्यात सोडली की पुन्हा झुकायची. मी दर रविवारी धक्क्यावर जाऊन उभी राहायचे. हार्लन खिडकीतून बघायचा, मी त्याच्याशी बोलायचे नाही. दादाशी बोलायचे. रागावायचे त्याच्यावर. घर दोनशे पावलांवर आहे, म्हणायचे, आणि तू त्या माणसाजवळ काय बसलायस? काय राहिलंय तुझं त्याच्याकडे? एकदा खिडकीशी हार्लनने दोन कप ठेवलेले दिसले. त्या दिवशी मी दगड मारून ती काच फोडली. नवी काच तू बघशीलच.

जूनमध्ये एका सकाळी लुइझा जागेवर नव्हती. सहा दिवस कोणाला पत्ता नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी व्हिटलो सांगितलं. माझा भाचा कॅल्विन त्यांच्याबरोबर शोधायला गेला होता. तो परत आला आणि इथेच, तू बसलीस त्या खुर्चीवर बसून त्याने सांगितलं.

बोट खाडीत होती. अगदी आतल्या उथळ कोपऱ्यात नांगरावर, शांत, अगदी सरळ उभी. आत सगळं जागच्या जागी. छोटी होडी काठावर, भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवलेली. ती एकट्या म्हाताऱ्याला ओढवेल एवढी हलकी नाही. तिथून वर झाडीत गेलं की एका मोठ्या हेमलॉकखाली विस्तव होता. वर राख, खाली निखारे लाल. त्याच्या दोन बाजूंना शेवाळ आणि फांद्या पसरून केलेल्या झोपायच्या दोन जागा. माणसं कुठेच नाहीत, आणि हार्लन त्यानंतरही कोणाला मिळाला नाही. शोधायला गेलेल्यांनी हाका मारल्या, कुत्रा सोडला. कुत्रा त्या दोन जागांच्या मध्ये जाऊन बसला आणि उठेना.

"मग?" मी कॅल्विनला विचारलं.

"मी हात लावून पाहिला, मावशी," तो म्हणाला. "एका बाजूचं शेवाळ कोरडं होतं. दुसऱ्या बाजूचं समुद्राच्या पाण्याने चिंब होतं, पिळलं तर हातात खारं पाणी आलं. भरतीपासून साठ फूट वर..."

त्याने तळहात कोटाला पुसला.

"आणि दोन्ही बिछाने गरम होते. आत्ताच उठून गेल्यासारखे."